नोंदवही आणि पहारेकरी

आपल्यापैकीं बहुतेकांनीं या आठवड्यांत केव्हां ना केव्हां घरबसल्या विजेचें बिल भरलें असेल, आगगाडीचें तिकीट काढलें असेल, किंवा बँकेंतील शिल्लक हातांतील फोनवर पाहिली असेल. त्या क्षणीं आपली विनंती तारांतून धांवत जाऊन कोठल्या तरी दूरच्या, थंड ठेवलेल्या खोलींतील एका संगणकापुढें उभी राहते. या संगणकाला सर्व्हर म्हणतात. सर्व्हर म्हणजे सेवक. आपल्यासारखेच हजारों लोक त्याच घटकेला त्याच्यापुढें उभे असतात, आणि तो निमिषार्धांत प्रत्येकाला उत्तर देऊन मोकळा होतो. या सेवकासमोर कोणी माणूस बसलेला नसतो. बहुधा त्याला पडदाहि नसतो. तो दमला, अडखळला, चुकला किंवा मेला, तरी त्याच्या चेहऱ्यावर तें दिसत नाहीं, कारण त्याला चेहराच नाहीं. मग तो नीट चालला आहे हें त्याच्या मालकानें ओळखावें कसें? या एका प्रश्नाविषयीं मी आज आपल्याशीं बोलणार आहें. विषय यंत्राचा असला, तरी त्यांतील मुख्य अडचण वर्गांत, कचेरींत आणि घरांत आपण सर्वांनीं अनुभवलेली आहे.

यासाठीं दोन साधनें वापरण्यांत येतात. एक नोंद, इंग्रजींत तिला लॉग म्हणतात. दुसरें देखरेख; तिला मॉनिटरिंग हें नांव आहे. पैकीं लॉग हा शब्द मूळचा दर्यावर्दी लोकांचा. लॉग म्हणजे लांकडाचा ओंडका. जहाजाचा वेग मोजण्याकरितां ठराविक अंतरावर गांठी मारलेला दोर एका लांकडी फळीला बांधून ती फळी खलाशी पाण्यांत सोडीत, आणि वाळूचें लहान घड्याळ रिकामें होईपर्यंत किती गांठी हातांतून सरकल्या तें मोजीत. आजहि जहाजाचा वेग गांठींतच, म्हणजे नॉटमध्यें, सांगतात तो यामुळेंच. ही संख्या ज्या वहींत लिहिली जाई ती लॉग-बुक. हळूहळू तींत वाऱ्याची दिशा, हवेचा रंग, आजारी पडलेला खलाशी, सर्व कांहीं लिहिलें जाऊं लागलें. आपल्या पेढीवरची रोजकीर्द ही याच जातीची. जें घडलें तें घडलें त्या क्रमानें लिहावयाचें, मागचें पान खोडावयाचें नाहीं, आणि वर्गवारी करण्याचें काम खतावणीवर सोडावयाचें, हा तिचा नियम सर्व्हरच्या नोंदवहीलाहि तंतोतंत लागू पडतो.

सर्व्हरची एक नोंद म्हणजे बहुधा एक ओळ. ती मराठींत वाचून दाखवावयाची झाल्यास अशी होईल: "अमुक तारीख, दहा वाजून चौदा मिनिटें सात सेकंद, अमुक खात्याची शिल्लक विचारण्यांत आली, डेटाबेसकडून तीन सेकंदांत उत्तर आलें नाहीं, विनंती सोडून दिली, पायरी, चूक." डेटाबेस म्हणजे जेथें सारी माहिती रचून ठेवलेली असते तें कोठार. आणि शेवटीं जी पायरी लिहिली आहे, तिच्यावरून नोंद किती निकडीची आहे हें समजतें. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील बर्कले येथील विद्यापीठांत एरिक ऑलमन यांनीं, आपल्या सेंडमेल या टपाल वाहणाऱ्या प्रोग्रॅमच्या जोडीला, सिसलॉग नांवाची नोंद-पद्धति तयार केली. तींत प्रत्येक नोंदीला शून्यापासून सातापर्यंत एक क्रमांक देतात. शून्य म्हणजे आणीबाणी, तीन म्हणजे चूक, चार म्हणजे इशारा, सहा म्हणजे नुसती माहिती, आणि सात म्हणजे दोष शोधतांना उपयोगी पडणारीं बारीकसारीक टिपणें. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या मानकांतहि या आठ पायऱ्या तशाच राखलेल्या आहेत. पद्धति उत्तम आहे. वापरणारे तिची माती करतात. पुस्तकांतील प्रत्येक ओळीखालीं तांबडी पेन्सिल ओढणारा एक तरी विद्यार्थी प्रत्येक वर्गांत असतो. परीक्षेच्या आदल्या रात्रीं त्याला त्या खुणांचा काडीइतकाहि उपयोग होत नाहीं. प्रत्येक नोंदीवर 'आणीबाणी' असा शिक्का मारणारा प्रोग्रॅमर हा त्याच विद्यार्थ्याचा मोठेपणचा अवतार होय.

नोंदींत वेळ प्रथम लिहितात, आणि तेथेंच पहिला घोटाळा होण्याचा संभव असतो. आपली विनंती एका सर्व्हरवर संपत नाहीं. एक यंत्र ती स्वीकारतें, दुसरें आपली ओळख पटवून घेतें, तिसरें हिशेब काढतें, चौथें पावती धाडतें. आणि प्रत्येक यंत्र आपली वही निराळी लिहितें. त्यांचीं घड्याळें जुळत नसलीं, तर पावती आधीं आणि पैसे मागून, असा उलटा इतिहास तयार होतो. मुंबईंत एकेकाळीं दोन वेळा सुखानें नांदत होत्या. १९०६ सालीं हिंदुस्थानची प्रमाण वेळ अमलांत आली, तरी मुंबई शहरानें आपली स्वतःची वेळ १९५५ पर्यंत सोडली नाहीं, आणि ती प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटें मागें होती. त्या काळांतील दोन नोंदी, एक रेल्वेच्या घड्याळाची आणि एक शहराच्या घड्याळाची, शेजारीं शेजारीं ठेवून आधीं काय घडलें हें ठरविण्याचा प्रसंग ज्या वकिलावर आला असेल, त्याची स्थिति डोळ्यांपुढें आणावी. सर्व्हरांच्या बाबतींत एवढा मोठा फरक लागत नाहीं. अर्धा सेकंदहि पुरतो. म्हणून त्यांचीं घड्याळें नेटवर्कवरूनच वरचेवर जुळवून घेतात. ही रीत डेव्हिड मिल्स या अमेरिकन शास्त्रज्ञानें घालून दिली. तिचा आराखडा १९८५ सालीं प्रसिद्ध झाला. शिवाय विनंती दारांत आली कीं तिच्या गळ्यांत क्रमांकाचा एक बिल्ला अडकवतात. पुढें ती ज्या ज्या यंत्राकडे जाईल, तें तें यंत्र आपल्या नोंदींत तोच क्रमांक लिहितें. मग लाखों ओळींच्या गर्दींतून एका विनंतीचा माग काढणें शक्य होतें.

नोंद ही घडून गेलेल्या गोष्टीची साक्ष. देखरेख म्हणजे चालू घटकेची विचारपूस. गूगलच्या अभियंत्यांनीं २०१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या विचारपुशीचे चार मुख्य प्रश्न सांगितले आहेत: उत्तर द्यावयास किती वेळ लागतो, विनंत्या किती येत आहेत, पैकीं किती फसत आहेत, आणि भांडें कितपत भरलें आहे. प्रश्न साधे आहेत. उत्तर वाचतांना मात्र सावध राहावें लागतें. समजा, शंभर विनंत्यांपैकीं ९५ विनंत्यांना एक दशांश सेकंदांत उत्तर मिळालें आणि उरलेल्या ५ विनंत्यांना प्रत्येकीं दहा सेकंद ताटकळावें लागलें. सरासरी काढली तर ती सुमारें सहा दशांश सेकंद येते, आणि कागदावर ती फार शोभून दिसते. परंतु ते सहा दशांश सेकंद कोणाच्याच वांट्याला आलेले नाहींत! वर्गाची सरासरी पंचावन्न गुण आहे असें अभिमानानें सांगणाऱ्या मास्तराला शेवटच्या बाकावर कोण बसलें आहे हें पुष्कळदां ठाऊक नसतें. म्हणून जाणते लोक सरासरीवर विसंबत नाहींत. ते शंभर जणांना प्रतीक्षेच्या क्रमानें रांगेंत उभे करतात, आणि पंचाण्णवाव्याला व नव्याण्णवाव्याला किती थांबावें लागलें तें विचारतात.

येथवर सांगितलेलें सर्व कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत मिळेल. यापुढची गोष्ट पाठ्यपुस्तकांत असूनहि शहाणींसुरतीं माणसें ती विसरतात, आणि तिच्यासाठींच मी हा विषय निवडला.

शाळेंत हजेरी घेतांना मास्तर प्रत्येक नांव पुकारतो. "जो गैरहजर असेल त्यानें हात वर करावा," असें कोणी म्हणत नाहीं. म्हटलें तर वर्गांत हंशा पिकेल. परंतु मोठमोठ्या संस्थांतून सर्व्हरांची हजेरी नेमकी अशीच घेतली जाते. बिघाड झाला तर यंत्रानें स्वतः पत्र धाडून कळवावें अशी व्यवस्था करतात, आणि पत्र आलें नाहीं म्हणजे सर्व कुशल आहे असें समजून चालतात. पत्र न येण्याचें एक कारण कुशल असणें हें असूं शकेल. पण पत्र लिहिणाराच मेला असेल, किंवा टपाल वाटेंत अडकलें असेल, तरीहि पत्र येणार नाहीं. शांतता तिन्ही वेळीं सारखीच असते.

याचें एक उदाहरण थोडें सविस्तर सांगतों. गिटलॅब ही संस्था जगभरच्या प्रोग्रॅमरांचें लिखाण आपल्या सर्व्हरवर सांभाळून ठेवते. ३१ जानेवारी २०१७ रोजीं सायंकाळीं सातच्या सुमारास तिच्या डेटाबेसवरील भार एकाएकीं वाढला. या सर्व वेळा मी जागतिक प्रमाण वेळेनें सांगत आहें. त्या डेटाबेसचीं यंत्रें दोन होतीं: एक मुख्य, आणि दुसरें त्याची क्षणोक्षणीं प्रत उतरवून घेणारें दुय्यम. भार वाढल्यानें दुय्यम यंत्र मागें पडलें, इतकें कीं शेवटीं त्याचें उतरवून घेणें थांबलेंच. तेव्हां आरंभापासून नवी प्रत उतरवावी असें ठरलें. त्यासाठीं दिलेली आज्ञा कांहींएक न बोलतां थांबून राहिली. वस्तुतः ती मुख्य यंत्राकडून सुरुवात होण्याची वाट पाहत होती, आणि वाट पाहतांना गप्प राहणें हा तिचा स्वभावच होता. पण पडद्यावर तसें कोठेंच दिसत नव्हतें. दुय्यम यंत्रावरील जुनी सामग्री आड येत असावी अशी समजूत होऊन, रात्रीं साडेअकराच्या सुमारास, एका अभियंत्यानें ती पुसून टाकण्याची आज्ञा दिली. ती दिली गेली मुख्य यंत्रावर! एकदोन सेकंदांतच त्याच्या तें ध्यानांत आलें, त्यानें आज्ञा थांबविली. परंतु तेवढ्यांत सुमारें ३०० गिगाबाइट माहिती नाहींशी झाली होती.

हात चुकणें ही मोठी गोष्ट नव्हे. रात्रीच्या घाईंत तो कोणाचाहि चुकेल. खरी कथा यापुढें आहे. त्या डेटाबेसची नक्कल दररोज आपोआप काढून दूरच्या एका कोठारांत ठेवण्याची व्यवस्था तेथें होती. कोठार उघडून पाहिलें, तों तें रिकामें. असें कां व्हावें? डेटाबेस चालविणारा प्रोग्रॅम ९.६ या आवृत्तीचा होता, आणि नक्कल काढणारें हत्यार ९.२ या आवृत्तीचें वापरलें जात होतें. दोहोंचें जमेना, म्हणून हत्यार प्रत्येक वेळीं चूक दाखवून थांबत असे. चूक झाल्यास ई-मेलनें कळविण्याची सोय होती, आणि ती ई-मेल निघतहि होती. परंतु पाठविणारा खरा आहे हें सिद्ध करणारी जी सही अशा पत्रावर हल्लीं लागते, ती या पत्रांवर नव्हती. आणि खोट्या पत्रांचा बंदोबस्त करणारी टपाल-व्यवस्था तीं पत्रें दारांतूनच परत लावीत होती. तीन पहारेकरी होते, श्रोतेहो, आणि तिघांनींहि आपलें काम चोख केलें. हत्यारानें चूक ओळखली, यंत्रानें पत्र लिहिलें, टपालानें बिनसहीचें पत्र अडविलें. मालकाच्या कानावर मात्र कांहींच आलें नाहीं.

वांचविलें तें योगायोगानें. त्याच दिवशीं सायंकाळीं पांच वाजून वीस मिनिटांनीं, निराळ्याच कामासाठीं, एका अभियंत्यानें डेटाबेसची एक प्रत हातानें काढून ठेवलेली होती. ती सांवकाश चालणाऱ्या यंत्रांवरून परत आणून सारें उभें करण्यास दुसऱ्या दिवशींच्या सायंकाळचे सहा वाजले. मधल्या सहा-साडेसहा तासांतील सुमारें ५००० प्रकल्पांच्या नोंदी, ५००० अभिप्राय आणि ७०० नवीं खातीं कायमचीं गेलीं. या संस्थेविषयीं मला आदर वाटतो, तो तिनें यांतलें कांहींहि लपविलें नाहीं म्हणून. दुरुस्ती चालू असतांनाच आपलीं टिपणें तिनें सर्वांना वाचावयास खुलीं ठेवलीं, आणि मागाहून कारणांसह सविस्तर निवेदन प्रसिद्ध केलें. आपल्याकडे अशा प्रसंगीं 'तांत्रिक कारणास्तव' हे दोन शब्द फळ्यावर लिहून खिडकी बंद करण्याचा प्रघात आहे.

पत्र वाटेंत अडकल्याची ही कथा झाली. पत्र लिहिणाराच मेल्याची कथा याहून जुनी आणि मोठी आहे. १४ ऑगस्ट २००३ रोजीं अमेरिकेंतील ओहायो राज्यांत, अॅक्रन येथें, फर्स्टएनर्जी या वीज कंपनीच्या नियंत्रण-कक्षांत माणसें नेहमींप्रमाणें संगणकासमोर बसलेलीं होतीं. वाहिनी तुटली, दाब घसरला, कीं संगणक घंटा वाजवी आणि पडद्यावर ओळ उमटे. दुपारीं दोन वाजून चौदा मिनिटांनीं ही घंटा वाजविणारा प्रोग्रॅमच आंतल्या आंत अडकून पडला. दोन कामें एकाच वेळीं एकाच माहितीला हात घालूं पाहतात तेव्हां होणारी ही जुनी खोड आहे. पडदे चालूच होते, त्यांवर आंकडेहि होते. फक्त इशारे येईनासे झाले. पुढें, घंटेचा प्रोग्रॅम ज्या सर्व्हरवर होता तो सर्व्हर आणि मग त्याचा बदली सर्व्हर, असे दोघेहि बंद पडले. तें यंत्र-विभागाच्या लोकांना आपोआप कळलें, त्यांनीं सर्व्हर पुन्हां चालू केला. पण घंटा वाजते कीं नाहीं हें नियंत्रण-कक्षांत विचारावें असें कोणाच्या मनांत आलें नाहीं. तिकडे तापून सैल पडलेल्या वाहिन्या एकामागून एक झाडांना टेंकून तुटत होत्या. शेजारच्या कंपनीनें दूरध्वनि करून तसें सांगितलेंहि. कक्षांतल्या माणसांनीं आपल्या पडद्याकडे पाहिलें. तेथें कांहीं नव्हतें. त्यांनीं पडद्यावर विश्वास ठेवला. सव्वाचारच्या आंत अमेरिकेच्या आठ राज्यांत आणि कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतांत मिळून सुमारें ५ कोटि लोक अंधारांत गेले.

यावर उपाय नाहीं असें नव्हे, आणि तो फार जुना आहे. पूर्वीं आळींतून रात्रीं गुरखा फिरे. तो चोर दिसला तरच शिट्टी वाजवी असें नाहीं. प्रत्येक फेरीला वाजवी, काठी आपटी. झोंपेंत आपल्याला ती शिट्टी ऐकूंहि येत नसे. पण एखाद्या रात्रीं ती वाजली नाहीं, तर घरांतलें वडील माणूस अंथरुणावर उठून बसे. सर्व्हरच्या शास्त्रांत याला हृदयाचे ठोके म्हणतात. यंत्रानें दर मिनिटाला "मी आहें" एवढेंच सांगावयाचें, आणि ठोका चुकला कीं हांक उठावयाची. नक्कल काढणाऱ्या हत्यारानेंहि काम फसल्यावर पत्र लिहूं नये. काम साधल्यावर लिहावें, आणि तें ठरल्या वेळीं आलें नाहीं तर दुसऱ्या कोणी तरी ओरडावें. हा दुसरा कोणी मात्र त्याच छपराखालीं राहणारा नसावा. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं फेसबुकचें सारें नेटवर्क जगापासून तुटून सुमारें सहा तास बंद राहिलें, तेव्हां दुरुस्तीचीं त्यांचीं स्वतःचीं साधनेंहि त्याच नेटवर्कवर असल्यामुळें तींहि बंद पडलीं होतीं.

याच्या उलट जातीचाहि रोग आहे. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारांत व्यवहार करणाऱ्या नाइट कॅपिटल या पेढीनें १ ऑगस्ट २०१२ रोजीं नवा प्रोग्रॅम चालू केला. आठ सर्व्हरांपैकीं एकावर तो घालावयाचा राहून गेला होता. सकाळीं बाजार उघडण्यापूर्वींच यंत्रानें या गोंधळाचा उल्लेख असलेलीं ९७ पत्रें पेढींतल्या लोकांना आपोआप धाडलीं. तीं पत्रें निकडीचा इशारा म्हणून आंखलेलीं नव्हतीं, आणि अशीं पत्रें वाचण्याची तेथें कोणाला संवयहि नव्हती. बाजार उघडला, जुन्या प्रोग्रॅमच्या त्या एका सर्व्हरनें वेड्यासारखी खरेदी-विक्री आरंभिली, आणि पाऊण तासांत पेढीला ४६ कोटि डॉलरांहून अधिक खोट आली. रोज लांडगा आला म्हणून ओरडणाऱ्या पोराची गोष्ट आपण मुलांना सांगतों, आणि दोष पोराला देतों. ज्यांनीं त्या पोराला पहाऱ्यावर बसविलें, आणि ज्यांनीं त्याचें ओरडणें ऐकावयाचें सोडलें, त्यांच्याकडेहि थोडें पाहावें. उत्तम संस्थांत नियम असा असतो कीं ज्या इशाऱ्यावर माणसानें तत्काळ कांहीं करावयाचें नाहीं, तो इशारा माणसाला झोंपेंतून उठवावयाचा नाहीं. त्यानें वहींत पडून राहावें.

वहींत काय लिहूं नये हेंहि सांगितलें पाहिजे, कारण ती आपल्याविषयीं आहे. मे २०१८ मध्यें ट्विटर कंपनीनें आपल्या सर्व सभासदांना परवलीचे शब्द बदलण्याची विनंती केली. ते शब्द गुप्त लिपींत रूपांतर होण्याआधींच एका अंतर्गत नोंदवहींत जसेच्या तसे लिहिले जात होते. कोठाराला सात कुलपें, आणि किल्ल्यांची यादी दाराशेजारच्या वहींत! आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी यंत्रणेनें २८ एप्रिल २०२२ रोजीं काढलेल्या निर्देशांप्रमाणें संस्थांनीं आपल्या संगणकांच्या नोंदी १८० दिवस सांभाळाव्या, घड्याळें ठरवून दिलेल्या प्रमाणाशीं जुळवावीं, आणि हल्ला वगैरे घडल्यास सहा तासांत कळवावें. हें योग्यच झालें. मात्र जी वही सहा महिने राहणार, तींत आपला परवलीचा शब्द, कार्डाचा क्रमांक किंवा आजाराचें नांव उतरत नाहीं ना, हें विचारण्याचा हक्क ग्राहकाला असावा.

आतां शेवटची एक गोष्ट; ती पैशाहून मोठी आहे. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसनें १९९९ पासून आपल्या शाखांचे हिशेब होरायझन नांवाच्या संगणक-पद्धतीवर आणले. गांवोगांवच्या शाखा चालविणारे उप-पोस्टमास्तर हिशेब मिटवूं लागले कीं यंत्र सांगे, इतके पौंड कमी आहेत. तूट भरून देण्याची जबाबदारी त्यांच्यावर. कित्येकांनीं सांठविलेलें सर्व त्यांत घातलें. पुष्कळांवर चोरीचे आणि खोट्या हिशेबाचे खटले झाले. ९०० हून अधिक लोक दोषी ठरले, कांहीं तुरुंगांत गेले. तेथील न्यायालयांत संगणक नीट चालत होता हें गृहीत धरण्यांत येई. तो बिघडला होता असें ज्याचें म्हणणें असेल, त्यानें तशी शंका उभी करावी. त्या बिचाऱ्यानें ती कशाच्या आधारावर उभी करावी? त्याच्या हातीं केवळ तुटीचा आंकडा. पद्धति चालविणाऱ्या कंपनीजवळ ठाऊक झालेल्या चुकांची एक स्वतंत्र वही होती. ती वाचावयास त्याच्यापुढें कोणी ठेविली नाहीं. १६ डिसेंबर २०१९ रोजीं उच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं पद्धतींत दोष होते, आणि कंपनीचीं माणसें दूर बसून, उप-पोस्टमास्तरच्या नकळत, त्याच्या हिशेबांत नोंदी घालूं शकत होतीं. २०२४ सालीं पार्लमेंटनें खास कायदा करून इंग्लंडांतील त्या शिक्षा रद्द ठरविल्या. तोंवर कित्येक जण वारले होते. प्रत्येक ओळ कोणाच्या हातची आहे हें ओळीवरच लिहिलेलें असावें, आणि जिच्यावरून एखाद्याला चोर ठरवावयाचें ती वही त्यालाहि उघडतां यावी, ही पेढीवरच्या मुनिमालाहि कळणारी गोष्ट आहे. इतक्या मोठ्या देशांत ती मान्य करून घेण्यास वीस वर्षें लागलीं.

पहाऱ्याची परीक्षा शांततेच्या काळींच घ्यावी लागते. आपल्या फोनवरील छायाचित्रांची नक्कल 'आपोआप' ठेवली जाते अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनीं आज रात्रीं त्या नकलेंतील मागल्या महिन्याचें एखादें छायाचित्र उघडून पाहावें. गिटलॅबनें कोठार असें आधीं उघडून पाहिलें असतें, तर त्या रात्रीची धांवपळ बरीच वांचली असती. मोठ्या संस्था याहून पुढें जातात. घरोघर चित्रपट दाखविणाऱ्या नेटफ्लिक्स कंपनीनें २०११ सालीं जाहीर केलें कीं तिनें आपल्या सर्व्हरांमध्यें एक प्रोग्रॅम मोकळा सोडला आहे, आणि त्याचें नांव केऑस मंकी, म्हणजे गोंधळ घालणारें माकड. माकडाच्या हातीं कोलीत देऊं नये असें आपण म्हणतों. यांनीं तें जाणूनबुजून दिलें. हें माकड चालत्या सर्व्हरांपैकीं कोणताहि एक उचलतें आणि बंद करतें. मात्र रात्रीं किंवा सुटीच्या दिवशीं त्याला मोकळीक नसते. कचेरीची वेळ, माणसें जाग्यावर, चहा झालेला, अशा वेळींच तें आपली लीला करतें. आणि मग पहारेकरी हांक मारतो कीं नाहीं, हें सर्वजण मिळून पाहत बसतात.